इतके लहानच दगड का?

साताऱ्याच्या आमच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा बैठकीच्या खोलीतील काचेच्या कपाटापाशी हमखास थांबतो. आतल्या प्लास्टिकच्या पारदर्शक डब्या पाहतो आणि थोड्या वेळाने विचारतो, "एवढे बारके खडे कशाला जमवलेत? मोठे दगड नाहीत का तुमच्याकडे?" माझ्या संग्रहात साडेतीनशेच्या आसपास खनिजांचे नमुने आहेत आणि त्यांतील एकही आवळ्यापेक्षा मोठा नाही, हे खरे आहे. मोठे परवडत नाहीत किंवा घरात जागा नाही, असा बहुतेकांचा समज होतो. दोन्ही गोष्टी काही अंशी खऱ्या असल्या तरी त्या कारण नव्हेत. तुम्ही विचारलंत म्हणून खरे कारण सविस्तर सांगते.

कोरेगाव तालुक्यातील आमच्या शेतात जुनी विहीर आहे. २००४ च्या उन्हाळ्यात तिचे पाणी आटले आणि सासऱ्यांनी ती आणखी दोन परस खाली नेण्याचे ठरवले. दगड उपसणारी यारी लागली, सुरुंग उडू लागले आणि विहिरीच्या काठावर डबराचा ढीग वाढू लागला. एका दुपारी मी कामावरच्या माणसांचा चहा घेऊन गेले असता त्यांच्या मुकादमाने माझ्या हातावर एक तुकडा ठेवला. "वैनी, खडीसाखर घावली बघा," असे तो म्हणाला. काळ्या दगडात सुपारीएवढी पोकळी होती, तिला आतून फिकट गुलाबी अस्तर होते आणि त्या अस्तरावर पाच-सहा मिलिमीटर उंचीचा एक स्वच्छ, पाणीदार, चौकोनी स्फटिक उभा होता. त्याच्या उभ्या बाजू काचेसारख्या चमकत होत्या, पण तुकडा हळूहळू फिरवला की त्याच्या सपाट माथ्यावर एकदम मोत्यासारखी दुधी झाक उमटत असे आणि पुन्हा विझत असे. त्या वेळी मी एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करत होते, दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसण्याची सवय होती. त्यामुळे संध्याकाळी दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन तो तुकडा पाहायला बसले आणि रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ टळली तरी उठले नाही. तो स्फटिक ॲपोफायलाइटचा आणि गुलाबी अस्तर स्टिल्बाइटचे, हे पुढे दोन वर्षांनी कळले. आज त्या नमुन्याचा क्रमांक १ आहे.

हे खडे आपल्याकडेच का सापडतात, हे समजले की लहान नमुन्यांचे महत्त्व समजायला सोपे जाते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांचा बेसाल्ट झाला. तोच आपला काळा कातळ. पश्चिम घाटातील या थरांची वर्गवारी करताना भूवैज्ञानिकांनी एका गटाला 'वाई उपगट' असे नाव दिले असून त्यातील आंबेनळी आणि महाबळेश्वर ही थरसमूहांची नावेही आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. प्रत्येक प्रवाह थंड होत असताना त्यातील वायूचे बुडबुडे वर सरकले, पण वरची साय आधीच गोठू लागल्यामुळे ते तेथेच अडकले. म्हणून प्रवाहाचा मधला भाग घट्ट आणि माथ्याकडचा भाग जाळीदार असतो. काही ठिकाणी प्रवाहाच्या तळाशीही नळीसारख्या उभ्या, अरुंद पोकळ्या दिसतात. विहीर खोदणारा माणूस हे पुस्तकाशिवाय जाणतो, कारण घट्ट कातळ संपून जाळीदार थर लागला की पहार वेगळी वाजते आणि बहुधा पाणीही तेथेच लागते. याच पोकळ्यांमधून पुढच्या काळात खनिजे विरघळलेले गरम पाणी फिरले आणि आत सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सोडियम यांचे निरनिराळे स्फटिक वाढले. पोकळी हे स्फटिकाचे घर. घर जेवढे, तेवढीच त्याला वाढायला जागा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पोकळी मोठी असेल तर मोठे स्फटिक होतात हे खरे, परंतु सुरुंगाच्या धक्क्याने पहिले तुटतात तेही तेच. पाट्याएवढ्या फरशीवर वीस स्फटिक असतील तर त्यांतील दोन-तीन टोकासकट शाबूत सापडले तरी पुष्कळ. उलट सहा मिलिमीटरचा स्फटिक आपल्या पोकळीच्या कुशीत सुरक्षित राहतो, त्याचे सगळे पैलू पुरे झालेले असतात आणि कडा इतक्या रेखीव असतात की भिंगाखाली त्यांवर एकही टवका दिसत नाही. खनिजाचा स्वभाव पाहायचा असेल तर मला हाच नमुना हवा. ॲपोफायलाइटचे चौकोनीपण, त्याच्या उभ्या बाजूंवरच्या उभ्या रेघा, क्वार्ट्झचे सहा कोन आणि त्यावरच्या आडव्या रेघा हे सारे लहान स्फटिकात जितके नेमके दिसते तितके मोठ्यात क्वचितच दिसते. काही खनिजे तर निसर्गतःच लहान असतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून जगभर गेलेले कॅव्हनसाइट हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. त्याचा निळा रंग एकदा पाहिला की विसरता येत नाही, आणि त्याच्या स्फटिकांचा गोळा बहुधा वाटाण्या-हरभऱ्याएवढाच असतो.

दुसरे कारण मला याहून जवळचे वाटते. मोठा, देखणा नमुना निघाला तर त्याला गिऱ्हाईक असते. तो व्यापाऱ्याकडे जातो, परदेशी जातो, एखाद्या संग्रहालयात जातो आणि सांभाळला जातो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मी असे नमुने तासन्‌तास पाहिले आहेत आणि ते तेथे आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. सुपारीएवढ्या पोकळीला मात्र कोणी विचारत नाही. ती क्रशरमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याची खडी होते. आपल्या जिल्ह्यात विहिरी, पाझर तलाव आणि रस्ते यांसाठी इतका कातळ फुटला, पण त्याच्या पोटात काय होते याची नोंद फारच थोड्या ठिकाणी राहिली. मी जे उचलते ते कोणाच्याही उपयोगाचे नसते आणि मी उचलले नाही तर ते आठवडाभरात नाहीसे होते.

नावे सुरुवातीला अवघड वाटतात, पण रूप ओळखीचे असते. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्यभागी आवळलेले आणि दोन्ही टोकांना फुललेले असतात. ते पाहून माझ्या सासूबाई चटकन म्हणाल्या, "ही तर कडब्याची पेंढी." जगभरच्या पुस्तकांतही त्याला धान्याच्या पेंढीचीच उपमा दिलेली आहे, हे मी त्यांना नंतर वाचून दाखवले. स्कोलेसाइटच्या सुया एका बिंदूपासून चहूकडे पसरतात. ह्युलंडाइट आपल्या सपाट पैलूवरच्या मोतिया झाकेने ओळखू येते. कॅल्साइटबद्दल शंका असली तर मी नमुन्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडते. कॅल्साइट असेल तर लगेच फसफसते. त्याचा कठीणपणा मोसच्या मापावर ३, तर क्वार्ट्झचा ७, त्यामुळे क्वार्ट्झने काचेवर ओरखडा उठतो आणि कॅल्साइटने उठत नाही. मात्र चांगल्या स्फटिकावर ओरखड्याची परीक्षा कधीही करू नये, ती तुटक्या तुकड्यावरच करावी.

मांडणीविषयीही अनेक जण विचारतात. डबीत कापूस घालू नये, कारण त्याचे तंतू सुयांमध्ये अडकतात आणि मग ते काढताना सुयाच मोडतात. मी फोमच्या लहान चौकोनात नमुन्याच्या बुडाएवढा खड्डा कोरते आणि नमुना त्यात बसवते. जांभळ्या ॲमेथिस्टचा रंग उन्हाने फिकट होतो, म्हणून कपाट उन्हाच्या भिंतीवर नाही. तापणारा दिवाही आत नाही, त्याचे कारण झिओलाइट या गटाच्या नावातच आहे. क्रॉनस्टेड या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने १७५६ मध्ये असे एक खनिज ज्योतीवर तापवले, तेव्हा त्यातील पाणी उकळून फेस यावा तसे झाले, म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून 'उकळणारा दगड' या अर्थाचे हे नाव दिले. स्टिल्बाइट, ह्युलंडाइट, स्कोलेसाइट ही सारी त्याच कुळातली आणि ॲपोफायलाइट त्या कुळातले नसले तरी पाणी त्याच्याही रचनेत आहे. त्या पाण्यानिशीच ते जपले पाहिजे.

माझ्या हातून एक नमुना कायमचा गेला, तो अज्ञानामुळे. ओकेनाइटचे पांढरे, कापसाच्या बोंडासारखे गोळे असतात आणि तो कापूस म्हणजे केसाहून बारीक असे स्फटिकांचे तंतू असतात. मला मिळालेल्या गोळ्यावर धूळ होती, म्हणून मी तो कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रशने साफ केला. वाळल्यावर सगळे तंतू एकमेकांना चिकटून पिंजारलेल्या लोकरीसारखे झाले होते आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. तो मी टाकलेला नाही, नव्या संग्राहकांना दाखवण्यासाठी ठेवला आहे.

त्याहून मोठे नुकसान २०१२ च्या दिवाळीच्या आधी झाले. रंगकामासाठी कपाट रिकामे करताना एका कप्प्यातील डब्या उघडल्या गेल्या आणि अकरा नमुने व त्यांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या झाल्या. नमुने सगळे शाबूत होते. तरीही मला ते गमावल्यासारखे वाटले, कारण खनिजाचे नाव पुन्हा ठरवता येते, पण ठिकाण गेले की दगड बोलायचा थांबतो. माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर गाव, तालुका, विहीर असेल तर किती परसांवर, वरच्या थरात की खालच्या, कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या दिवशी, एवढे लिहिलेले असते. विहिरीच्या किंवा खाणीच्या मालकाला विचारल्याशिवाय मी खडाही उचलत नाही. कास पठार, कोयनेचे अभयारण्य, किल्ले आणि लेणी येथून तर काहीच आणायचे नसते. त्या प्रसंगानंतर चिठ्ठीवरचा क्रमांक मी नमुन्याच्या मूळ खडकावरही, पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर काळ्या शाईने लिहू लागले.

ते अकरा नमुने खालच्या खणात वेगळे ठेवलेले आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याच विहिरीच्या जुन्या डबरावरची माती वाहून गेली, तेव्हा तेथे मला तांबूस खडकाचा एक तुकडा दिसला. त्यातील पोकळीला आधी पोपटी हिरवे, अगदी पातळ अस्तर होते आणि त्यावर ह्युलंडाइटचा थर होता. हाच तांबूस खडक आणि हाच हिरवा-पांढरा क्रम मी खालच्या खणात पाहिला होता. घरी येऊन दोन्ही तुकडे भिंगाखाली शेजारी ठेवले, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात शोधले आणि 'आमची विहीर, ह्युलंडाइट, तांबूस खडक' अशी एकच चिठ्ठी निघाली. तो नमुना आता वरच्या कप्प्यात आपल्या जागी गेला आहे. खालच्या खणात दहा उरले आहेत.