सांबराची शिंगं आणि शेवटचा घास

कोल्हापूरकडच्या आमच्या माहेरच्या घरात, पणजोबांच्या तसबिरीशेजारी, सांबराची शिंगं असायची. कवटीचा वरचा तुकडा, त्यातून निघालेली दोन शिंगं, प्रत्येकाला तीन टोकं, आणि मागे सागवानी फळी. दिवाळीच्या झाडलोटीत स्टुलावर चढून ती पुसायचं काम माझं. गोष्टही पाठ होती : पहाटेचा हाकारा (आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडे हाकणं), मचाणावर बसलेले पणजोबा, एका बारात पडलेलं सांबर.

स्वयंपाकघराच्या फडताळात सांबरशिंगाचा आणखी एक बोटभर तुकडा असायचा. छातीत कळ आली की आजी तो सहाणेवर उगाळून लेप लावायची. तो गळून पडलेल्या शिंगाचा होता, असं ती सांगे. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात. काळविटाची मात्र जन्मभर तीच राहतात. म्हणजे सांबराचं शिंग मिळवायला सांबर मारावंच लागतं असं नाही. भिंतीवरच्या शिंगांना कवटी चिकटलेली आहे, ती आपसूक गळालेली नाहीत, हे इतकी वर्षं पुसूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते आलं जर्मनीतल्या बव्हेरियात.

इथे आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहतो ते आजोबा शिकारी आहेत. त्यांच्या जिन्यात रो हरणांची वीत-वीतभर शिंगं ओळीने लावलेली आहेत. रो हरीण म्हणजे साधारण शेळीएवढा प्राणी. जर्मनीत दरवर्षी अशी बारा लाखांच्या आसपास हरणं मारली जातात. पहिल्यांदा हा आकडा ऐकला तेव्हा मी जेवणाच्या ताटावरून उठले होते.

आजोबांनी मला जंगलात नेऊन ओक आणि सिल्व्हर फर या झाडांची रोपं दाखवली. गुडघ्याएवढी, शेंडे खुडलेली. लांडगे आणि लिंक्स नावाची मोठी रानमांजरं इथून एकोणिसाव्या शतकातच माणसाने संपवले. लांडगे आता कुठे परतू लागलेत. हरणं वाढली की कोवळे शेंडे खातात आणि जुन्या झाडांखाली नवं जंगल उभं राहत नाही. बव्हेरियाच्या वनकायद्यात तर ‘आधी जंगल, मग शिकारीचे प्राणी’ असं तत्त्वच आहे. इथवर मला पटलं.

पण मग जिन्यातली शिंगं कशाला? संख्या कमी करायची तर माद्या माराव्या लागतात. दहा नर मारले तरी उरलेला एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो. रो हरणाच्या मादीला शिंगं नसतात, तिचं भिंतीवर लावण्यासारखं काही नसतं. आजोबांनी त्यांची नोंदवही पुढे केली. निम्म्याहून जास्त नोंदी माद्यांच्या आणि पिल्लांच्या होत्या.

या शिकारीतला एक नियम मला अजून झोपू देत नाही. मादी आणि पिल्लू दोघं समोर असतील तर आधी पिल्लू मारायचं, मग आई. आईविना पिल्लू हिवाळ्यात हाल होऊन मरू नये म्हणून. हे सांगताना आजोबांचा आवाज खाली गेला होता. “हे काम कोणी हौसेने करत नाही,” म्हणाले. हरीण पडलं की ते एक डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवतात. त्याला इथे ‘शेवटचा घास’ म्हणतात. मादीलाही?, मी विचारलं. मादीलाही.

वसंतात ते मला शिंगांच्या प्रदर्शनाला घेऊन गेले. बव्हेरियात अशी प्रदर्शनं दरवर्षी भरतात. वर्षभरात मारलेल्या नरांची शिंगं मांडलेली, प्रत्येकाला चिठ्ठी : कुठलं रान, कुठली तारीख. शेजारी खालचा जबडा, दातांच्या झिजेवरून वय ताडायला. मारायला नको होता असा नर मारला असेल तर पूर्वी तांबडा ठिपका लावत. शिंगं म्हणजे हिशेब द्यायची वस्तू, ही कल्पना मला आवडली. पण त्याच सभागृहात लोकांची गर्दी होती ती सगळ्यात मोठ्या शिंगांपुढे. मोठी शिंगं हवीत म्हणून हिवाळ्यात हरणांना चारा घालणारे आणि माद्या न मारता राखणारे शिकारीही आहेत. मग जंगल वाचवतो म्हणायला त्यांना तोंड राहत नाही.

माझं मत तिथे पक्कं झालं. जंगलासाठी मारलेलं हरीण मी खाते, आजोबांनी दिलेलं खाल्लंय. पण कुठला जीव घ्यायचा हे शिंगांच्या मापावरून ठरत असेल तर ते मला पाप वाटतं, मग परवाना असो, परंपरा असो.

यंदा मे महिन्यात घराला रंग द्यायचा म्हणून सांबराची शिंगं खाली उतरवली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली अशा वस्तूला मालकीचं प्रमाणपत्र लागतं. २००३ साली सरकारने नोंदणीला १८० दिवसांची मुदत दिली तेव्हा बाबांनी ते करून घेतलं. वारसालाही ९० दिवसांत कळवावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशी वस्तू स्वखुशीने सरकारजमा करता येते, मोबदला मिळत नाही. मी बाबांना म्हटलं, देऊन टाकू या.

“माझ्या आजोबांची आठवण आहे गं,” बाबा म्हणाले.

मी विचारलं, हाकाऱ्याला कोण कोण होतं? गावातले तीस-चाळीस जण, म्हणाले. त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्यांना आठवेना. सांबर तरणं होतं की म्हातारं, कुठल्या ओढ्याला पाडलं, तेही नाही. गोष्टीत फक्त बार होता आणि पणजोबा होते.

मी पुठ्ठ्याचा तुकडा कापून चिठ्ठी लिहिली. सांबर, नर. वय : माहीत नाही. जागा : माहीत नाही. हाकारेकरी : तीस-चाळीस, नावं माहीत नाहीत. ती सुतळीने शिंगाला बांधली. बाबांनी चष्मा लावून वाचली, बराच वेळ हातात धरली. मग पेन मागून घेतलं आणि खाली एक ओळ घातली : मांस गावात वाटलं, असं आई सांगे.

शिंगं सध्या माळ्यावर, जुन्या धोतरात गुंडाळलेली आहेत. भिंत रंगवून झालीय. खिळा काढायचा की ठेवायचा, हे बाबांनी अजून रंगाऱ्याला सांगितलेलं नाही.