चौदा मशिनी आणि एक काडेपेटी

लग्न होऊन मी मुंबईला गेले तेव्हा हे साकीनाक्याजवळच्या एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये कटिंग मास्टर होते. घरी जेवताना एक शब्द रोज कानावर पडायचा, कोटा. अमेरिका नि युरोप भारताकडून वर्षाला किती शर्ट, किती ब्लाउज घेणार हे सरकारी करारात ठरलेलं असायचं, आणि तो आकडा इथल्या एक्स्पोर्टरांत वाटला जायचा. ज्याच्याकडे कोटा उरला तो दुसऱ्याला विकायचा. अमेरिकेला जाणाऱ्या मालाच्या बिलावर ‘व्हिसा’चा शिक्का लागे. माणसाला व्हिसा लागतो हे ठाऊक होतं, ब्लाउजलाही लागतो हे मला तिथे कळलं.

१ जानेवारी २००५ला कोटा उठला. यांच्या मालकांनी पेढे वाटले. पण कोट्यापायी दहा ठिकाणी काम वाटत फिरायची गरजच उरली नाही, तशी परदेशी गिऱ्हाइकं मोठ्या कारखान्यांकडे वळली. वर्षभरात आमच्या युनिटला कुलूप लागलं. २००६च्या पाडव्याला आम्ही सांगलीत, सासऱ्यांच्या गावभागातल्या घरी, चार जुन्या मशिनींवर गाऊन शिवायला बसलो.

पुढची बारा-तेरा वर्षं गणपती पेठेतले होलसेलवाले आणि आसपासचे बाजार यांच्यावर निघाली. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा घरात शिरली. तयार माल माळ्यावर होता म्हणून वाचला, मशिनी गेल्या. कुपवाडला शेड घेतली ती त्यानंतर. आज तिथे चौदा मशिनी आहेत.

दुबईचं काम आलं ते करारामुळे. १ मे २०२२पासून भारत आणि यूएईमधला व्यापार करार लागू झाला आणि तिथे आपल्या कपड्यांवर लागणारी पाच टक्के ड्युटी गेली. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण एका गाऊनमागे आम्हाला सुटतं ते जवळपास तेवढंच. मात्र ही सवलत आपोआप मिळत नाही. माल भारतातच तयार झाल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर कस्टम्सच्या यादीतला कपड्याचा कोड अचूक हवा. मागावर विणलेल्या सुती कापडाच्या गाऊनला ६२०८२१, कृत्रिम धाग्याच्या गाऊनला ६२०८२२. तोच गाऊन होजिअरीचा, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाचा, असला की थेट त्या यादीच्या ६१व्या प्रकरणात. मिश्र कापड असेल तर वजनाने जो धागा जास्त, कोड त्याचा.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण आम्ही त्यात एकदा आपटलो.

बाराशे गाऊनची ऑर्डर होती. शेवटी कापड कमी पडलं म्हणून चार तागे एका नव्या व्यापाऱ्याकडून उचलले. बिलावर ‘कॉटन’ लिहिलेलं, हाताला मऊ, प्रिंट सुरेख. बंदरावर तपासणीत नेमका त्यातलाच नमुना निघाला. रिपोर्ट आला, पॉलिएस्टर जास्त. निर्यातीच्या मालावरचे काही कर सरकार परत देतं आणि त्याचा दर धाग्यावर ठरतो. त्यामुळे आमचा कागद आता नुसता चुकलेला राहिला नाही, जास्त परतावा मागणारा झाला. खुलासा, दंड, शिपिंग बिलात म्हणजे कस्टम्सला दिलेल्या निर्यातीच्या कागदात दुरुस्ती, नवं प्रमाणपत्र. माल एकोणीस दिवस पडून राहिला. आमचं कस्टम्सचं काम बघणारा एजंट फोनवर म्हणाला, “ताई, कापड तुम्ही विकत घेतलं ना? मग जबाबदारी तुमचीच.” राग आला होता. पण चूक आमचीच होती, हेही खरं. माझी तक्रार एवढीच की हजार मशिनींच्या कारखान्याला जो फॉर्म तोच आम्हाला, आणि तो भरायला त्यांच्याकडे वेगळा माणूस असतो. आमच्याकडे तो मी भरते, रात्री भांडी घासून झाल्यावर.

तेव्हापासून टेबलावर काडेपेटी असते. तागा आला की उभा-आडवा धागा काढून जाळायचा. सूत असलं तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटांत राख भुरभुरते. पॉलिएस्टर वितळतं, टोकाला कडक काळा मणी धरतो. मिश्र असलं की राखेत खडा लागतो. खडा लागला की तो तागा लॅबला, रिपोर्ट येईपर्यंत कात्री नाही.

मागच्या वर्षी वेगळंच झालं. १७ मे २०२५ला केंद्र सरकारने बांगलादेशातून येणारे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवर बंद केले. यायचे तर न्हावा शेवा किंवा कोलकात्याच्या बंदरातूनच. महिन्याभरात एका होलसेलवाल्याचा फोन आला. दहा वर्षं ज्याने आमचा भाव ऐकून घेतला नव्हता, तोच. मुलांचे टी-शर्ट हवे होते, बांगलादेशच्याच भावात. हे लगेच होजिअरीच्या मशिनींची चौकशी करायला निघाले. मी म्हटलं, कर्ज काढून मशिनी आणायच्या आणि उद्या नाके उघडले तर? दोन दिवस घरात अबोला.

शेवटी टी-शर्टऐवजी त्याच्याकडून सहाशे सुती फ्रॉकचं काम घेतलं, आहेत त्या मशिनींवर, आमच्या भावाने. माल दिवाळीआधी गेला. निम्मे पैसे अजून यायचे आहेत.