पीळ सुटलेली फाईल परवडली, कोरी दिसणारी नको

दाताच्या मुळातली नळी, म्हणजे कॅनाल, खरवडून साफ करणारी, मोटरवर फिरणारी बारीक पिळदार रोटरी फाईल नेमकी कधी फेकायची, या एका प्रश्नाने मला रूट कॅनालच्या बाकी सगळ्या पायऱ्यांपेक्षा जास्त छळलंय.

पीळ सुटला असेल तर निकाल सोपा. टोक कॅनालमध्ये अडकतं, मोटर दांडा फिरवतच राहते आणि टोकाजवळचे आटे उलगडतात. तपासण्याआधी फाईल अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रात) धुवायचीच. आट्यांत डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) भुगा अडकलेला असेल तर काही कळत नाही. मग ती लूप्सखाली (डोळ्यांवर लावायच्या भिंगाखाली) उजेडात सावकाश फिरवायची. चमक आट्यांवरून एकसारखी सरकली पाहिजे. मध्येच लांबट, लखलखीत पट्टा दिसला की तिथल्या आट्यांचं अंतर बदललंय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ गेला की फाईल गेली.

खरा वैताग धातूच्या थकव्याचा. वाकड्या कॅनालमध्ये फाईलच्या त्याच जागेवर प्रत्येक फेरीत एकदा ताण, एकदा दाब येतो. 300 आरपीएमला दहा सेकंदांत 50 फेऱ्या होतात. भेग पृष्ठभागावर पडते, आत सरकते, आणि आकार तसूभरही बदलत नाही. लूप्सखाली फाईल कोरी करकरीत, आणि पुढच्या दाढेत काडकन दोन तुकडे! म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबणं मी सोडलं. प्रत्येक फाईलची नोंद ठेवतो, त्यात पेशंट नाही, कॅनाल मोजतो. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चार निघतात, म्हणजे ‘एकदाच वापरली’ याला काही अर्थ नाही. कॅनालला तीव्र किंवा दुहेरी वळण असेल, तर नोंद काहीही सांगो, ती फाईल त्याच पेशंटनंतर शार्प्सच्या (टोकदार कचऱ्याच्या) डब्यात.

वळणात जाड फाईल आधी थकते, बारीक मात्र पिळाने तुटते. त्यामुळे बारीक फाईलला टॉर्कची (मोटरच्या पिळण्याच्या जोराची) मर्यादा कमी ठेवायची, आणि 10 व 15 नंबरची हाताने फिरवायची हँड फाईल कॅनालच्या ठरवलेल्या लांबीपर्यंत मोकळी फिरल्याशिवाय रोटरी आत घालायचीच नाही. वळणात एका जागी फिरत ठेवू नये, वरखाली हलती ठेवावी.

हीट-ट्रीटेड (उष्णतेची प्रक्रिया केलेल्या) फाईलचं गणित वेगळं, हे आधीच सांगायला हवं होतं. काहींचा पीळ वापरताना सुटतो आणि ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेने परत येतो, म्हणून उत्पादकाने पुनर्वापराला मुभा दिली असेल तर त्यांची तपासणी ऑटोक्लेव्हनंतर. पीळ परत आला नाही, किंवा उलट्या दिशेने बसला, तर फेकायची. आणि परत आला तरी थकवा पुसला गेला असं समजू नका. कॅनालची मोजणी चालूच ठेवायची.