चिमूटभर इमल्सिफायर आणि हलाल प्रमाणपत्र: माझा अनुभव

हलाल प्रमाणपत्रासाठी कारखान्याची तपासणी होते, त्या ऑडिटला लोक उगाच घाबरतात. आमचं ऑडिट सकाळी सुरू झालं आणि संध्याकाळच्या चहाआधी संपलं. आलेल्या दोघांपैकी एक फूड टेक्नॉलॉजीतले, दुसरे शरियतचे जाणकार. दोघंही सौजन्याने वागले आणि कारखाना फिरून गेले. आमची निर्यात अडवून धरली ती एका पांढऱ्या पावडरीने, जी आमच्या क्रीम बिस्किटात अर्धा टक्कासुद्धा नसते. तिचं नाव ई-४७१, म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड्स, तेल-पाणी एकजीव ठेवणारा इमल्सिफायर. आता माल जातो, पैसेही येतात. पण गोणीवर तो आकडा दिसला की माझं डोकं आजही तापतं.

मी एका लहान बिस्किट कारखान्यात गुणवत्ता बघतो, आणि दुसरं कुणी नसल्यामुळे निर्यातीची कागदपत्रंही माझ्याच गळ्यात आहेत. इंडोनेशिया, मलेशिया आणि आखातातून चौकशा आल्या, तेव्हा मालक म्हणाले, "आपल्या बिस्किटात मांस नाही, अंडं नाही. हलालला अडचण काय?" असं सगळ्यांनाच वाटतं. शाकाहारी माल म्हणजे आपोआप हलाल, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. व्हॅनिलाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असू शकतो. मैदा मऊ करायला वापरतात ते एल-सिस्टीन, ई-९२०, पिसांपासून किंवा केसांपासूनही बनतं आणि किण्वनातूनही बनतं. ग्लिसरीन चरबीतून येऊ शकतं. पाकिटाच्या प्लॅस्टिकला गुळगुळीतपणा आणणारा घटकही प्राण्यांच्या चरबीतला असू शकतो. बिस्किटाकडे नुसतं बघून यातलं काहीच कळत नाही.

नोंदणी, शुल्क, कारखान्याचा नकाशा, प्रक्रियेचा आराखडा, अंतर्गत हलाल समिती हे सगळं झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मग आला कच्च्या मालाचा तक्ता.

तक्त्यात प्रत्येक घटकासमोर उत्पादकाचं नाव, कारखान्याचा पत्ता, मूळ स्रोत आणि पुरावा असे रकाने. मैदा, साखर, पाम तेल, मीठ, खाण्याचा सोडा भराभर उरकले. (साखरेलाही प्रश्न असतो बरं का. काही ठिकाणी ती शुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरतात. आमच्या साखर कारखान्याने तसं करत नसल्याचं पत्र लगेच दिलं.) ई-४७१ च्या ओळीवर मात्र घोडं अडलं.

ही पावडर ग्लिसरीन आणि फॅटी ॲसिडपासून बनते. फॅटी ॲसिड पाम किंवा सोया तेलातून येतं, तसंच गाईच्या किंवा डुकराच्या चरबीतूनही येतं. तयार पावडर दिसायला, वासाला, कामाला अगदी सारखीच. आम्ही ती एका व्यापाऱ्याकडून घेत होतो. त्याला फोन केला. "साहेब, शंभर टक्के व्हेज आहे, काळजीच करू नका." म्हटलं, लिहून द्या. लिहून आलं ते असं: स्रोत वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य असू शकतो. शंभर टक्क्यांचं कागदावर उतरल्यावर हे झालं!

पुन्हा फोन. या वेळी दुसरं पत्र आलं, त्यात फक्त 'वनस्पतिजन्य'. पण ते व्यापाऱ्याच्या लेटरहेडवर. प्रमाणन संस्थेच्या पोर्टलवर आमच्या अर्जासमोर 'अपूर्ण' असा लाल शब्द उमटला. का अपूर्ण, ते लिहिण्याची पद्धत नाही. फोन करा, तर संबंधित व्यक्ती जागेवर नाही. मेल करा, तर आपोआप उत्तर येतं की तुमचा मेल मिळाला. बऱ्याच खटपटीनंतर एका बाईंनी फोन उचलला आणि एका वाक्यात उलगडा केला: "व्यापाऱ्याचं पत्र चालत नाही, उत्पादकाचंच लागतं." हेच वाक्य त्या लाल शब्दाखाली टाकायला काय जात होतं, कोण जाणे.

व्यापारी उत्पादकाचं नाव सांगायला तयार नव्हता. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. नाव कळलं की आपण थेट तिकडे जाणार ही त्याची भीती. शेवटी त्याने त्या कंपनीचं हलाल प्रमाणपत्रच पाठवलं. छान छापलेलं, शिक्का, क्यूआर कोड, मुदत शिल्लक. मी चढवून दिलं आणि सुटलो असं समजून घरी गेलो.

पुन्हा 'अपूर्ण'.

आता कारण असं की प्रमाणपत्रावरचा कारखान्याचा पत्ता आणि गोणीवरचा पत्ता वेगळा. त्या कंपनीची दोन युनिटं. प्रमाणपत्र एका युनिटचं, आमची गोणी दुसऱ्याची. हलाल प्रमाणपत्र नुसतं कंपनीला नसतं; ते ठरावीक जागेला आणि सोबतच्या परिशिष्टात दिलेल्या ठरावीक मालाला असतं. व्यापाऱ्याला यात काहीच वावगं वाटेना. "कंपनी तीच, माल तोच, पत्त्याचं काय एवढं?" त्याला समजावता समजावता मी प्रमाणन संस्थेचीच वकिली करायला लागलो होतो, आणि याचा मला जास्त राग येत होता.

मालकांनी मध्येच तोडगा काढला: "लॅबला पाठव. डुक्कर निघतंय का बघ. नाही निघालं की विषय संपला." कल्पना वाईट नव्हती. मांस, सॉसेज, जिलेटिन अशा मालात पीसीआर चाचणीने डुकराचा डीएनए शोधतात. पण ई-४७१ इतकं शुद्ध केलेलं असतं की त्यात डीएनए नावापुरताही उरत नाही. चाचणी 'आढळला नाही' म्हणेल आणि पावडर तरीही चरबीची असू शकेल. म्हणून सगळी भिस्त कागदावर. आणि कागद कुणाचा, कुठल्या पत्त्याचा, कुठल्या मालाचा, याबद्दल ही माणसं इतकी चिकट का असतात ते मला तेव्हा पटलं. पटलं तरी चिडचिड कमी झाली नाही, ते वेगळं.

या चिकटपणामागे इतिहासही आहे. २००१ च्या सुरुवातीला इंडोनेशियात चव वाढवणाऱ्या मोनोसोडियम ग्लुटामेटचा एक नावाजलेला ब्रँड बाजारातून परत मागवायला लावला होता. तयार मालात डुकराचा अंश नव्हता. तो माल जिवाणूंच्या मदतीने तयार होतो, आणि त्या जिवाणूंना वाढवण्यासाठी जे खाद्य वापरलं, ते बनवताना डुकरापासून काढलेलं एन्झाइम वापरलं गेलं होतं. इतक्या मागच्या पायरीवरून एवढा मोठा गदारोळ झाला होता. तेव्हा 'चिमूटभर तर आहे' हा युक्तिवाद कुणापुढे करू नका. मी केला होता. पलीकडून नुसती शांतता.

सुटका कशी झाली ते सांगतो. त्या व्यापाऱ्याचा नाद आम्ही सोडला. पाम तेलापासूनच ई-४७१ बनवणारा एक उत्पादक शोधला, ज्याच्या प्रमाणपत्राच्या परिशिष्टात आम्हाला हव्या त्या ग्रेडचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. पैसे पाठवण्याआधी त्याच्याकडून गोणीच्या लेबलचा फोटो मागवला आणि लेबल व प्रमाणपत्र शेजारी ठेवून पत्ता अक्षरन् अक्षर ताडून पाहिला. भाव जास्त होता. मालक कुरकुरले. नव्या पावडरीने क्रीम सुरुवातीला पातळ पडलं, मग प्रमाण बदलत चाचण्या घ्याव्या लागल्या, आणि क्रीमवाले मिस्त्री माझ्याशी बोलेनासे झाले. पण तक्त्यातली ती ओळ हिरवी झाली तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. आजूबाजूच्यांना काही कळलं नाही.

फ्लेवरचा घोळ तुलनेने लवकर मिटला, पण मार्ग माहीत असावा. फ्लेवर कंपन्या घटक सांगत नाहीत, ते त्यांचं व्यापारी गुपित. तेव्हा आपण मध्ये पडायचंच नाही. कंपनीला सांगायचं की घटकांची यादी थेट प्रमाणन संस्थेला पाठवा. आमच्या बाबतीत तसंच झालं. त्या फ्लेवरमध्ये काय आहे हे मला आजही माहीत नाही. शक्य असेल तर फ्लेवर मुळातच हलाल प्रमाणित घ्या. अल्कोहोलबाबत प्रत्येक देशाचं गणित निराळं आहे. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेच्या २०१८ च्या फतव्यानुसार पेयात ०.५ टक्क्यापेक्षा कमी अल्कोहोल चालतं, तेही दारू बनवण्याच्या प्रक्रियेतून आलेलं नसेल तरच. हाच आकडा दुसरीकडे गृहीत धरू नका. रंगाचंही तसंच. कोचिनील किड्यापासून काढलेल्या लाल रंगाला, म्हणजे ई-१२० ला, इंडोनेशियात २०११ साली मान्यता मिळाली, पण तो नाकारणाऱ्या संस्थाही आहेत. आम्ही स्ट्रॉबेरी क्रीमसाठी बीटचा रंग घेतला आणि वादच मिटवला.

खरं तर ही गोष्ट मी सगळ्यात आधी सांगायला हवी होती: प्रमाणन संस्था निवडण्याआधी देश निवडा. जगभर मान्य असं एकच हलाल प्रमाणपत्र अस्तित्वात नाही. मलेशियात जाकिमने, म्हणजे तिथल्या सरकारच्या इस्लामी व्यवहार खात्याने, मान्यता दिलेल्या परदेशी संस्थांचीच प्रमाणपत्रं चालतात, आणि तिथलं मानक एमएस १५००. इंडोनेशियात २०१९ पासून हा कारभार बीपीजेपीएच या सरकारी संस्थेकडे आहे, आणि बाहेरच्या देशातलं प्रमाणपत्र असेल तर ते देणारी संस्था त्यांना मान्य असावी लागते. शिवाय ते प्रमाणपत्र तिथल्या आयातदाराला तिथे नोंदवावं लागतं. आखातासाठी जीएसओ २०५५ हे मानक आहे, आणि संस्थेकडे तिकडची अधिमान्यता हवी. या याद्या बदलत राहतात. संस्थेचा प्रतिनिधी "आम्ही सगळीकडे मान्य आहोत" म्हणाला तर मान डोलवा आणि घरी येऊन त्या देशाच्या अधिकृत यादीत तिचं नाव स्वतः शोधा. मान्यता कधी कधी फक्त कत्तलखान्यासाठी किंवा फक्त प्रक्रिया केलेल्या अन्नासाठी असते, तोही रकाना वाचा. आम्हाला तिन्ही बाजारांत चालणारी संस्था मिळाली, थोडी महाग पडली, पण तो खर्च मला कधीच टोचला नाही.

इंडोनेशियाचा विचार असेल तर एक तारीख ध्यानात ठेवा. तिथल्या २०१४ च्या कायद्यानुसार खाद्यपदार्थांना हलाल प्रमाणपत्र सक्तीचं होत गेलं, आणि आयात मालासाठीची शेवटची मुदत उशिरात उशिरा १७ ऑक्टोबर २०२६ अशी ठेवली आहे. हलाल नसलेला माल विकायला बंदी नाही, पण तो हलाल नाही हे वेष्टनावर लिहावं लागतं. आणि हलाल प्रमाणपत्र म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. तिथल्या अन्न आणि औषध यंत्रणेची नोंदणी वेगळी असते. आयातदार आणि तुम्ही 'ते दुसरा करतोय' असं समजून बसलात तर कंटेनर बंदरात उभा राहतो आणि भाडं चढत राहतं.

ऑडिटबद्दलही थोडं आठवतंय. ट्रेला तेल लावायचे ब्रश आधीच नायलॉनचे किंवा सिलिकॉनचे करून ठेवा. केसांचा ब्रश दिसला की तो कुठल्या प्राण्याचा हा प्रश्न येतोच, आणि डुकराच्या केसांचे ब्रश बाजारात सर्रास असतात. यंत्राला लावायचं ग्रीस फूड ग्रेड आहे एवढं पुरत नाही, त्याच्याही स्रोताचा कागद लागतो. कामगारांनी डब्यात काय आणलंय आणि ते कुठे बसून खातात, हेही बघतात. उत्पादनाच्या भागापासून दूर, स्वतंत्र खोली असली की प्रश्न उरत नाही. एखाद्या लाइनवर पूर्वी डुकराचा अंश असलेला माल बनला असेल तर साध्या धुलाईवर भागत नाही. मलेशियाच्या मानकानुसार सात वेळा धुवावं लागतं, त्यातलं एक पाणी माती मिसळलेलं, आणि एकदा लाइन बदलली की तिच्यावर पुन्हा तो जुना माल काढायचा आणि परत हलालकडे वळायचं, असं चालत नाही. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता.

प्रमाणपत्र हातात आलं की फाइल बंद करून टाकावीशी वाटते. करू नका. पुरवठादारांच्या प्रमाणपत्रांच्या मुदती तुमच्या मुदतीशी जुळत नाहीत. कुणाचं मार्चमध्ये संपतं, कुणाचं सप्टेंबरमध्ये. मी एक साधी एक्सेल शीट केली आहे, ज्यात दोन महिने आधी रकाना पिवळा होतो आणि मी पुरवठादाराच्या मागे लागतो. खरेदी विभागाला लेखी कळवून ठेवलं आहे की 'तसाच पण स्वस्त' माल मला विचारल्याशिवाय आत घ्यायचा नाही. एकदा तशी गोणी दारापर्यंत आलीच होती. वॉचमनला मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने ट्रक बाहेर उभा केला आणि मला फोन लावला.

लेबलवर लोगो छापण्याआधी डिझाइन संस्थेकडून मंजूर करून घ्या, रंग आणि आकारासकट. आणि ब्रँडचं नाव प्रमाणपत्रात असेल तसंच पाकिटावर, इनव्हॉइसवर आणि पॅकिंग लिस्टवर येऊ द्या. आमच्या इनव्हॉइसवर 'क्रीम बिस्किट' आणि प्रमाणपत्रावर 'सँडविच बिस्किट' असं होतं. आयातदाराच्या क्लिअरिंग एजंटने माल निघायच्या आदल्या रात्री ते पकडलं, आणि आम्ही नवं इनव्हॉइस काढून सकाळी पाठवलं.