थोर सेनापती कशाने होतो? तुम्ही विचारलेत म्हणून

युद्धेतिहासावर बोलायला उभा राहिलो की अखेरीस हा प्रश्न येतोच: जगातला सर्वांत थोर सेनापती कोण, आणि तो थोर कशामुळे? विचारणाऱ्याच्या मनातले नाव बहुधा आधीच ठरलेले असते आणि माझ्याकडून त्याला केवळ दुजोरा हवा असतो. मी दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिम याचे नाव घेतले की चेहरे उतरतात. म्हणून एकदाचे लिहूनच टाकतो.

सिकंदर किंवा नेपोलियन यांचा पराक्रम मला दिसत नाही, अशातला भाग नाही. विशीत मीही कॅनीच्या लढाईचे नकाशे वहीत काढत असे. इसवी सनपूर्व 216 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या हॅनिबलने आपल्याहून मोठ्या रोमन सैन्याला चहूबाजूंनी कसे कोंडले, हे मला तोंडपाठ होते. रणांगण एका नजरेत वाचणारी बुद्धी म्हणजे सेनापती, असे तेव्हा माझे ठाम मत होते. आज ते मला अपुरे वाटते. खोटे मात्र वाटत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

एका व्याख्यानात मी स्लिमच्या ब्रह्मदेशातल्या मोहिमेविषयी बोलत होतो. 1942 मध्ये जपान्यांपुढे सुमारे नऊशे मैल माघार घेऊन तो भारतात पोहोचला आणि 1943 मध्ये चौदाव्या सैन्याचा प्रमुख झाला. त्या वर्षी एका जखमी सैनिकामागे सुमारे 120 सैनिक आजारपणामुळे मागे पाठवावे लागत होते, आणि त्यातला मोठा वाटा हिवतापाचा होता. हिवतापावर मेपॅक्रिनच्या गोळ्या होत्या, पण त्यांनी कातडी पिवळी पडते आणि पुरुषत्व जाते अशी अफवा असल्यामुळे सैनिक त्या टाळत. स्लिमने अचानक तपासण्या सुरू केल्या. ज्या तुकडीत 95 टक्क्यांहून कमी सैनिकांच्या शरीरात औषध सापडे, तिच्या प्रमुखालाच तो पदावरून दूर करी. तिघांना घरी पाठवल्यावर उरलेल्यांना काय ते कळले. मला यात सेनापतित्वाचा अर्क दिसतो, कारण रोज सकाळी किती माणसे उभी राहू शकतील, हे ठरल्यावाचून कोणताही डावपेच कागदाबाहेर पडत नाही.

एवढे सांगून होते न होते तोच पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे तुमचा थोर सेनापती कंपाउंडरच म्हणायचा!” सभागृह हसले. मला ते लागले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याहून अधिक लागला तो पाठोपाठ एका तरुणीने शांतपणे विचारलेला प्रश्न: “सर, 1944 मध्ये स्लिमला रसद पुरवायला विमाने मिळाली. ती मिळाली नसती, तरी तुम्ही त्याला थोर म्हटले असते का?”

त्या वेळी मी जे उत्तर दिले, तेच आजही देईन. जपानी पिछाडीस पोहोचले की मागे हटायचे, ही त्याआधीची रीत होती. फेब्रुवारी 1944 मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात सातवी भारतीय डिव्हिजन वेढली गेली, तेव्हा तिने जागा सोडली नाही; स्लिमने तिला जागीच लढत ठेवले आणि वरून दाणागोटा टाकला. विमाने साधन होती, पण वेढल्या गेलेल्या माणसांनी ती येतील यावर विसंबावे, इतका भरवसा निर्माण करणे हे सेनापतीचे काम होते. पुढे इंफाळ-कोहिमाला अपुरी शिधासामग्री घेऊन आलेल्या जपानी सेनापती मुतागुचीच्या सैन्यात उपासमारीने आणि रोगराईने गोळ्यांहून अधिक माणसे मारली. तरीही त्या मुलीचे समाधान झाले नव्हते, आणि तिच्या जागी मी असतो तर माझेही झाले नसते.

बाजीरावांचे काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. पालखेड माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही, उलट ते बळकट करते. 1728 मध्ये त्यांनी निजामाला आपल्यामागे पळवत नेले, अवजड तोफखाना मागे टाकायला लावला आणि पाण्याची टंचाई असलेल्या जागी कोंडले. मोठी लढाई न होताच मुंगी-शेवगावचा तह झाला. शत्रूचे पाणी तोडणे हा सैन्याच्या पोटापाण्याच्या हिशेबाचाच दुसरा भाग आहे.

मात्र हॅनिबलपाशी माझे गणित अडते. आफ्रिकी, इबेरियन, गॉल अशा परस्परांची भाषाही न जाणणाऱ्या लोकांचे सैन्य त्याने शत्रूच्या देशात सुमारे 15 वर्षे पोसले, आणि त्यांनी त्याच्याविरुद्ध बंड केले नाही, याचे प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसलाही नवल वाटले. माझ्या कसोटीवर तो स्लिमच्याही पुढे जातो. पण इसवी सनपूर्व 202 मध्ये झामाला तो हरला आणि कार्थेजने युद्ध गमावले. रोमपाशी माणसांचा अखंड पुरवठा होता, हे कारण मी देतो खरा. पण मग स्लिमच्या विमानांविषयी त्या मुलीने जे विचारले होते, ते मला नव्याने ऐकावे लागते.