रोजच्या लांब पल्ल्यासाठी मॅक्सी स्कूटर: यादी आता दोनवर आलीये

मॅक्सी म्हणजे मोठ्या, लांब प्रवासाच्या स्कूटर. त्यातली एक घ्यायची म्हणून केलेली यादी मागच्या अपडेटला बरीच लांब होती, यामाहाच्या टीमॅक्स ५६० पासून ते मॅक्सीसारख्या दिसणाऱ्या १५५ सीसीच्या स्कूटरपर्यंत सगळंच होतं त्यात. आता दोनच उरल्यात. ती कशी गाळत गेलो ते नीट लिहितो, कारण या सगळ्या टेस्ट राइड्सनंतर इंजिन किती मोठं हा प्रश्न माझ्या हिशोबात पार खाली गेलाय आणि वारा, मागचं सस्पेन्शन आणि बेल्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा) हे तिघं वर येऊन बसलेत.

नवीन वाचणाऱ्यांसाठी गरज परत सांगतो. एका बाजूला साधारण ५० किमी, त्यातला मोठा भाग मोकळा हायवे, उरलेले सिग्नल आणि रांगा. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाला २४,००० किमीच्या आसपास जातात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच अडतंय.

आधी वारा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की नुसत्या हवेसाठीच जवळपास दुप्पट पॉवर लागते. पेट्रोल तिथेच जातं आणि मानेची वाट पण तिथेच लागते. एका गाडीची काच (नाव नको) दिसायला एकदम भारी, उंच, पण काचेवरून निसटणारी हवा बरोबर हेल्मेटच्या वरच्या कडेवर आपटायची, डोकं सतत थरथरत राहायचं आणि अर्ध्या तासात कान बधिर. तीच गाडी माझ्यापेक्षा बुटक्या मित्राला झकास वाटली. म्हणून काच उंच आहे का हे विचारण्यात अर्थ नाही, तुमच्या बसण्याच्या उंचीला ती हवा कुठे सोडते हे बघायचं. सोपी टेस्ट: हायवेच्या वेगाला मान जरा खाली घ्या, मग जरा वर करा. दोन्हीकडे आवाज एकदम कमी झाला तर तुमचं डोकं नेमकं गोंधळलेल्या हवेत आहे. इथे होंडाच्या फोर्झा ३५० ला माझ्याकडून मोठा मार्क, काच बटणावर वरखाली होते, हायवेला वर आणि ट्रॅफिकमध्ये खाली, चालत्या गाडीवर. रोज दोन्ही प्रकारचा रस्ता असलेल्याला याची किंमत कळते.

आता मागचं सस्पेन्शन, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण स्पेक शीट बघताना लोक हे सोडूनच देतात. बहुतेक स्कूटरमध्ये इंजिन, व्हेरिएटर (बेल्टवर चालणारी, आपोआप गिअर बदलल्यासारखं काम करणारी यंत्रणा) आणि मागचं चाक हे सगळं मिळून एकच तुकडा असतो आणि तो अख्खा तुकडा खड्ड्यात चाकासोबत वरखाली होतो. म्हणजे शॉकला नुसतं चाक नाही, इंजिनचं वजन पण आवरायचं असतं. त्यात मॅक्सीवर पाय पुढे पसरलेले, त्यामुळे बाइकसारखं पायांवर जोर देऊन जरा उचलून घ्यावं तर तेही नीट जमत नाही, दणका थेट माकडहाडात. यामाहाने २००१ च्या टीमॅक्समध्ये इंजिन फ्रेमला बसवलं आणि मागचा स्विंगआर्म (चाक धरणारा हलता दांडा) वेगळा ठेवला, ती गाडी बाइकसारखी चालते असं सगळे का म्हणतात त्याचं मूळ यातच आहे. चालवून बघितली आणि खरंच, खराब पॅचवर मागचं चाक रस्ता सोडत नाही. मन अजून तिथेच आहे.

तरी टीमॅक्स यादीतून गेली. ५६० चं वजन २२० किलोच्या जवळ, सीट ८०० मिमी, आणि मॅक्सीची सीट रुंद असल्यामुळे तेच ८०० बाइकच्या ८०० पेक्षा उंच लागतं, मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला पोचेपर्यंत टाच वरच राहते. हायवेवर स्वर्ग. पण माझ्या रस्त्याचा शेवटचा तुकडा सगळा रांगांचा, आणि पार्किंगमध्ये रोज सकाळी तेवढं वजन ढकलत मागे घ्यायचं, तिथे मी थांबलो. होंडाची एक्स-एडीव्ही पण याच कारणाने गेली, ती तर आणखी जड. तिचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स मात्र मनापासून आवडला, बेल्टची भानगडच नाही, पण मग चेनची देखभाल आली आणि माझ्या किलोमीटरला ती सारखीच करावी लागेल.

दुसऱ्या टोकाच्या १५५ सीसीवाल्या गाड्या रांगेत सगळ्यात मजेच्या, हलक्या, कुठूनही निघतात. पण हायवेवर तासभर जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर ठेवायच्या आणि ओव्हरटेकला हातात काहीच शिल्लक नाही, ते मला रोज नको. शिवाय ५.५ लिटरची टाकी म्हणजे दर दोन दिवसांनी पंप.

मग उरला मधला वर्ग, ३०० ते ४००.

सुझुकीच्या बर्गमन ४०० वर बराच वेळ घालवला. १९९८ पासून चालत आलेलं नाव आहे आणि लांब प्रवासाचा विचार करूनच बनवलेली गाडी वाटते. सीट ७५५ मिमी, १३.५ लिटर टाकी, मागचा शॉक लिंकेजवाला (जोडदांड्यांनी बसवलेला) आणि प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण) ॲडजस्ट होतो, पार्किंग ब्रेक वेगळा आहे. (ज्यांनी स्कूटर कधी उतारावर लावली नाही त्यांना सांगतो, गिअरमध्ये टाकून ठेवायची सोय स्कूटरला नसते, त्यामुळे पार्किंग ब्रेक ही चैन नाही.) मागचं चाक मात्र १३ इंचाचं आणि वजन २१५ च्या वर. यामाहाची एक्समॅक्स ३०० आणि फोर्झा ३५० दोन्हीकडे पुढे १५ मागे १४, आणि वजन १८० च्या आसपास. तो तीसेक किलोचा फरक रांगेत पहिल्याच सिग्नलला जाणवतो.

बेल्टचा हिशोब. बऱ्याच मॉडेल्सना बेल्ट २०,००० ते २५,००० किमीच्या दरम्यान बदलायला सांगतात, म्हणजे मला जवळपास दरवर्षी. सोबत व्हेरिएटरमधले रोलर आणि स्लायडरही बघावे लागणार. रोलर एका बाजूने चपटे झाले की पिकअप अडखळतो, बेल्ट झिजून अरुंद झाला की टॉप स्पीड उतरतो, आणि दोन्ही इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही, म्हणून मॅन्युअलमधली रुंदीची मर्यादा बघून कॅलिपरने मोजायचं. सलग वेगात बेल्टला फारसा त्रास नसतो, मारतं ते रांगेतलं सरकणं, क्लच अर्धवट धरतो, घसरतो आणि बेल्टच्या बंद केसमध्ये उष्णता साठते. त्यामुळे मी रांगेत थ्रॉटलचे छोटे छोटे चिमटे काढत बसत नाही, पुढे जागा होऊ देतो आणि मग एकदाच नीट निघतो. दोन्ही गाड्यांचं व्हेरिएटर कव्हर उघडायला किती प्लास्टिक काढावं लागतं हे मी मुद्दाम सर्व्हिसवाल्याकडे उभं राहून बघितलं, तुम्हीही बघाच.

तर सध्या फोर्झा आणि एक्समॅक्स. फोर्झाकडे काच, ३३० सीसीचा जोर आणि दोन फुल फेस हेल्मेट गिळणारी डिकी, पण टाकी ११.७ लिटर. एक्समॅक्सकडे १३ लिटर टाकी आणि बाइकसारखा वर दोन क्लॅम्पमध्ये पकडलेला पुढचा फोर्क, वेगात वळणावर ब्रेक धरला तरी पुढचा भाग एकदम शांत राहतो, सीट मात्र ७९५ आणि मला ती फोर्झाच्या ७८० पेक्षा टणक वाटली. दोन्हीला ट्रॅक्शन कंट्रोल आहे, ओल्या रस्त्यावर रंगवलेल्या पट्ट्यांवरून जाताना हवंच.

आज तरी माझं पारडं फोर्झाकडे झुकतंय, त्या काचेमुळेच. पण आधी दोन्ही गाड्या पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन, पूर्ण रस्ता, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी चालवायच्यात, कारण शोरूमबाहेरच्या छोट्या फेरीत कंबर काहीच सांगत नाही. बॅग सीटच्या मागच्या टेकूला अडून अंग पुढे ढकलते का तेही बघायचंय. कोणी एक्समॅक्सला दुसरी काच लावली असेल तर तुमची उंची आणि काचेची उंची दोन्ही लिहा, नुसतं मस्त आहे म्हणू नका. आणि फोर्झावर ४०,००० च्या पुढे गेलेले कोणी असतील तर क्लच शू (क्लचचे झिजणारे पॅड) कधी बदलले ते हवंय.