चौरस फुटात न बसलेला जोड

जुन्या घराला लागून खोली वाढवायची असेल, तर कॉन्ट्रॅक्टरला दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: "जुनी भिंत आणि नवी भिंत जिथे भेटते, तिथे तुम्ही नेमकं काय करणार?" उत्तर तोंडी घेऊ नका, कोटेशनमध्ये लिहून घ्या. मी विचारलं नाही, म्हणून बांधून तयार झालेली खोली सात आठवडे कुलपात राहिली. वडिलांना जिना चढवत नाही म्हणून तळमजल्यावर ती खोली बांधली होती, आणि ते सात आठवडे ते बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपत होते. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नकाशा, परवानगी, पाया, स्लॅब हे सगळं रीतसर झालं. तीन कोटेशन घेतली होती. एक फक्त मजुरीचं, एक मटेरियलसकट, तिसऱ्यात सगळा एकच आकडा. वर एकाने आतलं क्षेत्रफळ मोजलेलं, तर दुसऱ्याने भिंतींसकट. अशा कागदांची तुलना होऊच शकत नाही. मग मी कामांची यादी केली: खोदाई, पाया, सळई, वीटकाम, स्लॅब, गिलावा, फरशी, वायरिंग, रंग. ती तिघांनाही दिली आणि याच यादीवर दर मागितले. एवढं नक्की करा. पण त्या यादीत जुन्या-नव्या भिंतीचा जोड नव्हता. दर निघतो चौरस फुटावर, आणि जोडाला लांबी असते, क्षेत्रफळ नसतं. त्यामुळे तो माझ्या यादीत आला नाही आणि त्यांच्या दरातही आला नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी खोलीत गेले, तर जुनी-नवी भिंत मिळते त्या कोपऱ्यात छतापासून जमिनीपर्यंत एक सरळ उभी चीर. नख आत जात होतं. दोन्ही बाजूंना वीतभर ओल पसरलेली. अंगठ्याने दाबलं तर रंगाचा पोपडा सुटून हातात आला आणि आतला गिलावा काळपट, भुसभुशीत लागला.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाले, "ताई, केसाएवढी चीर आहे. नवीन बांधकामात येतेच. पुट्टी भरून रंग मारून देतो." मारून दिला. पंधरा दिवसांत चीर त्याच जागी परत. पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग, पुन्हा चीर. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा म्हणाले, "जोडाचं काम कोटेशनमध्ये नव्हतंच. ते एक्स्ट्रा होईल." आणि त्यानंतर फोनवर फक्त "उद्या येतो." मी वहीत तारखा मांडत होते, अकरा वेळा "उद्या" लिहिलं आहे. माणूस स्पष्ट नाही म्हणाला तर दुसरा शोधता येतो. "उद्या" म्हणणाऱ्यापायी आपण घरी थांबतो, सुट्टी टाकतो, दार उघडं ठेवतो.

शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. त्यांना खरं तर कोटेशन घेण्याआधीच बोलवायला हवं होतं. त्यांनी दहा मिनिटांत समजावलं. जुन्या घराचा पाया इतक्या वर्षांत बसायचा तेवढा बसून गेलेला असतो. नवा पाया आता बसायला लागतो, थोडाच, पण बसतो. दोन भाग वेगवेगळे हलणार, आणि त्यांच्यावरून सलग गिलावा ओढला तर तो फाटणारच. त्यात कितीही पुट्टी भरा, ती कडकच राहते. तिथे हालचाल सोसणारा जोड लागतो.

त्यांनी एका कागदावर काढून दिलं. जोडावरचा गिलावा वरपासून खालपर्यंत कापायचा. फट इंचभर मोकळी करायची. आत दबणारा फोमचा गोल दोर बसवायचा, त्यावर फट बुजवणारं लवचीक सीलंट. वरून झाकणपट्टी लावायची, पण तिचे स्क्रू एकाच बाजूच्या भिंतीत मारायचे, म्हणजे दुसरी बाजू हलायला मोकळी राहते. आणि गच्चीवर जोडाशी पाणी थांबताच कामा नये: तिथे वीतभर उंच कठडी उठवायची, आणि जुन्या भिंतीत खाच मारून पत्र्याची पट्टी आत खोचून कठडीवरून खाली वळवायची.

तो कागद घेऊन मी कॉन्ट्रॅक्टरच्या दुसऱ्या साइटवर गेले. ते नव्हते, आमच्याकडे काम केलेले मिस्त्री होते. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवून नीट पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे मला कुणी सांगितलंच नाही. वीटकाम चालू असताना मध्ये थर्माकोलची शीट उभी केली असती, तरी फट आपोआप सुटली असती." मला तिथेच रडू आलं. एका शीटचं काम होतं, आणि आता तयार भिंत फोडायची होती.

सुदैवाने शेवटचा हप्ता माझ्याकडे होता. करारात मी लिहून घेतलं होतं की दहा टक्के रक्कम एक पावसाळा गेल्यावर द्यायची. हे लिहिताना कॉन्ट्रॅक्टर नाराज झाले होते, तरी मी हटले नव्हते, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. त्या रकमेमुळेच ते आले. सीलंट, पट्टी, पत्रा मी आणला, मजुरी त्यांची. तीन दिवसांत काम झालं.

जोड झाल्यावर लगेच रंग लावू देऊ नका. आम्ही गच्चीवर बांध घालून 72 तास पाणी साठवलं आणि रोज आतून हात फिरवून पाहिला. मगच रंग.

आता आठवलं म्हणून: जुन्या बाहेरच्या भिंतीत नवं दार काढताना आधी वरचा भार टेकूवर घ्यायला लावा आणि लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंना भिंतीत निदान 150 मिलिमीटर टेकलं आहे का, ते टेप लावून मोजा. गिलाव्याआधी विजेच्या पाइपांचे फोटो काढून ठेवा. जोडाची फट मोकळी करताना ड्रिल कुठे लावायचं नाही, ते मला त्या फोटोंवरूनच कळलं. आणि स्लॅबला पाणी मारण्यात कुणावर अवलंबून राहू नका. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात आणि सुरुवातीला सुकलं तर ती पुरी येत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ मी स्वतः वर जात होते.

वडील आता त्या खोलीत झोपतात. पलंग मात्र त्या कोपऱ्यापासून हातभर लांब ठेवला आहे, पाऊस पडून गेला की मला तिथे उभं राहून वरपासून खालपर्यंत पट्टीवर हात फिरवता यावा म्हणून.